उत्तर येण्याआधी थांबायचं: रहस्याची आणि अद्भुताची नाटकं घरी मिळून कशी वाचावीत

विक्रमाच्या खांद्यावर प्रेत आहे, प्रेतात वेताळ आहे, आणि वाट सरावी म्हणून वेताळ गोष्ट सांगतोय. गोष्ट रंगते, गुंता पुरता आवळला जातो आणि नेमका तिथेच वेताळ थांबतो. सांग राजा, खरा न्याय काय? माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होतील. आमच्याकडे चांदोबा यायचा तेव्हा आजी ही गोष्ट मोठ्यानं वाचायची आणि या वाक्याशी आली की पानाच्या खालच्या भागावर तळहात ठेवायची. मग आम्ही चार भावंडं भांडायचो. प्रत्येकानं आपलं उत्तर आणि त्यामागचं कारण सांगितल्याशिवाय तो हात उचलला जायचा नाही.

रहस्यकथा आणि अद्भुतकथा मी आयुष्यभर वाचत आले आहे. रात्री दिव्याखाली एकटीनं वाचण्यातलं सुख वेगळंच. पण मोठ्यानं, मिळून वाचताना सगळ्यांचा वेग एक होतो. कुणाला शेवटचं पान चाळता येत नाही, कुणाला कंटाळवाणा उतारा गाळून पुढे पळता येत नाही. खुनाचा धागा सगळ्यांच्या कानांवरून एकाच क्षणी जातो. कुणी तो टिपतं, कुणाच्या तो ध्यानातही येत नाही. आणि नाटक मुळात बोलण्यासाठीच लिहिलेलं असल्यामुळे या खेळाला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

ठाण्यात आमचा आठ-नऊ जणांचा गट गेली सहा वर्षं दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एकेकाच्या घरी जमतो. आमच्यात कुणी नट नाही. त्या सहा वर्षांत जे जमलं आणि जे फसलं, ते इथे क्रमानं लिहिते आहे.

पहिली बैठक नाटकाची नको

नवीन गटाच्या हातात पहिल्याच दिवशी तीन अंकी नाटक दिलं की माणसं दडपतात. मोठ्यानं वाचायची सवय शाळेनंतर सुटलेली असते. म्हणून सुरुवात वेताळापासून करा. सोमदेवानं अकराव्या शतकात काश्मीरमध्ये कथासरित्सागर रचला, त्यात या पंचवीस कथा आहेत, आणि मराठीत त्या अनेक रूपांत मिळतात. एक कथा वीस मिनिटांत वाचून होते. तिघांत वाटा: एक निवेदन, एक वेताळ, एक राजा. प्रश्नाशी थांबा, पुस्तक मिटा आणि बाकीच्यांना बोलू द्या.

त्यातली अदलाबदल झालेल्या शिरांची गोष्ट पहिल्या बैठकीला मी नेहमी सुचवते. देवीपुढे एका बाईच्या नवऱ्यानं आणि भावानं आपली शिरं कापून घेतली. देवी प्रसन्न झाली, म्हणाली, शिरं धडांना लाव, दोघं उठतील. घाईत बाईच्या हातून शिरं उलटसुलट लागली. आता तिचा नवरा कोणता? विक्रमाचं उत्तर मी इथे देत नाही. पण ही गोष्ट वाचून झाली की पुढे दोन-तीन महिन्यांनी गिरीश कार्नाडांचं ‘हयवदन’ घ्या. चिं. त्र्यं. खानोलकरांनी ते मराठीत आणलं आहे. कार्नाडांपर्यंत ही गोष्ट जर्मन लेखक थॉमस मान याच्या कथेमार्गे पोचली. वाटेत भावाचा मित्र झाला. वेताळ जिथे समाधान मानून झाडाकडे परततो, तिथून हे नाटक खरं सुरू होतं. ज्यांनी आधी गोष्टीवर हमरीतुमरीनं वाद घातलेला असतो, त्यांना नाटकातला प्रत्येक प्रवेश आपल्याच वादाला दिलेलं उत्तर वाटतो.

नाटक निवडताना

रंगमंचावर गाजलेलं नाटक वाचनाला चालेलच असं नाही. अंधार, पाठलाग, मूक प्रसंग, दिव्यांची करामत यांवर उभं असलेलं रहस्यनाटक दिवाणखान्यात कोसळतं. पारख सोपी आहे: संहितेच्या मधली दोन पानं उघडा आणि फक्त संवाद वाचा, कंसातलं सगळं गाळून. काय चाललंय ते साधारण कळत असेल तर नाटक घ्या.

पात्रं सहा ते नऊ असावीत, जागा शक्यतो एकच, आणि पुरावा बोलण्यातून बाहेर येणारा हवा. म्हणूनच कोर्टाची नाटकं या कामाला उत्तम. कोर्टात माणसं एका वेळी एक बोलतात, प्रश्नाला उत्तर येतं, आणि ऐकणारा आपोआप न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतो. आचार्य अत्र्यांचं 1962 सालचं ‘तो मी नव्हेच’ आम्ही दोनदा वाचलं. प्रभाकर पणशीकरांनी त्यातली पाच रूपं फिरत्या रंगमंचावर कशी उभी केली हे ज्यांनी पाहिलंय, ते अजून सांगतात. वाचनातली गंमत निराळी आहे. एरवी एका वाचकाकडे दोन महत्त्वाची पात्रं देऊ नयेत, ऐकणाऱ्याचा घोळ होतो. इथे मात्र आरोपी लखोबाची सगळी रूपं एकाच वाचकानं वाचली पाहिजेत, कारण हा तोच माणूस आहे की नाही हाच तर खटला आहे. शिवाय साक्षीदारांमुळे छोटी भूमिका मिळालेल्यालाही एखादा सबंध प्रसंग आपला म्हणून वाचायला मिळतो.

परदेशी रहस्यनाटकांत ॲगाथा ख्रिस्तीचं ‘द माऊसट्रॅप’ गटासाठी सोयीचं आहे. पात्रं आठच, घर एकच, बाहेर बर्फ. मुळात ते 1947 साली राणी मेरीच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी बीबीसीवर छोटी श्रुतिका म्हणून झालं होतं, म्हणजे कानांसाठीच जन्मलेलं. 25 नोव्हेंबर 1952 रोजी ते लंडनच्या रंगभूमीवर आलं, आणि तेव्हापासून प्रयोग संपताना प्रेक्षकांना विनंती केली जाते की गुन्हेगार कोण ते बाहेर सांगू नका. ही विनंती आम्ही आमच्या गटाचा पहिला नियम म्हणून उचलली. घरी गेल्यावर नवऱ्याला, बायकोला, मुलांनाही सांगायचं नाही. पुढच्या वर्षी तेच ऐकायला येणार असतात.

मुलं बरोबर असतील तर रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ घ्या. चेटकिणीची भूमिका घरातल्या सगळ्यांत शांत माणसाला द्या, आणि मग पाहा.

संहिता आधी एकानंच वाचायची

गटातल्या एकानं संपूर्ण नाटक आधी वाचलेलं असलं पाहिजे, आणि फक्त एकानंच. त्याला आम्ही सूत्रधार म्हणतो. दर महिन्याला सूत्रधार बदलतो, म्हणजे रहस्य आधी कळण्याचा भार एकाच्याच माथी पडत नाही. सूत्रधारानं पात्र वाचायचं नाही. तो रंगसूचना वाचतो, वेळ सांभाळतो आणि कुठे थांबायचं ते ठरवतो.

त्याचं सगळ्यांत नाजूक काम मात्र वाचनाच्या आधी असतं: पुस्तकानं स्वतःच फोडलेलं रहस्य झाकणं. दुसऱ्या वर्षी आमची एक बैठक यामुळे पार वाया गेली. एका जुन्या नाटकाच्या पात्रपरिचयातच एका नावापुढे कंसात ‘तोतया’ छापलेलं होतं. सगळ्यांच्या हातात झेरॉक्स होती, सगळ्यांनी आपलं नाव शोधायला ते पान उघडलं, आणि पडदा वर जाण्याआधीच पडला. त्या संध्याकाळी आम्ही नाटक वाचलं, पण मन कुणाचंच नव्हतं.

तेव्हापासून वाटण्याआधी मी पुढच्या जागा तपासते. पात्रपरिचय: नव्यानं हातानं लिहून काढा, नाव आणि वय एवढंच. प्रस्तावना: ती शेवटी वाचायची, कारण प्रस्तावना लिहिणारा नाटक माहीत आहे असंच धरून चालतो. मलपृष्ठ, पहिल्या प्रयोगाची छायाचित्रं आणि त्याखालच्या ओळी, शेवटच्या अंकाचं शीर्षक असेल तर तेही. संवादाआधी छापलेलं पात्राचं नावही बघा. काही संहितांत तिसऱ्या अंकात ‘अनोळखी इसम’ याच्या जागी त्याचं खरं नाव छापायला लागतात, आणि ते नाव रहस्य उलगडण्याच्या अर्धं पान आधीच डोळ्यांत भरतं. तिथे पेन्सिलीनं जुनं नाव लिहा.

आणि शेवटचा अंक, किंवा अंक एकच असेल तर शेवटची दहा-बारा पानं, वेगळी काढून खाकी लिफाफ्यात बंद करा. प्रत्येक वाचकाचा लिफाफा वेगळा, त्यावर पात्राचं नाव. लिफाफे सूत्रधाराजवळ. आजीचा तळहात तो हाच.

प्रवेशांचा तक्ता

नऊ पात्रं आणि सहा वाचक, असं बहुतेक वेळा होतं. कुणाला दोन भूमिका द्यायच्या ते अंदाजानं ठरवू नका. आडव्या ओळीत प्रवेश, उभ्या रकान्यात पात्रं, आणि जे पात्र ज्या प्रवेशात बोलतं तिथे फुली. नाटकात प्रवेशच पाडलेले नसतील तर कुणी आत आलं किंवा बाहेर गेलं की तो नवा प्रवेश धरा. तक्ता पूर्ण झाला की ज्या दोन रकान्यांच्या फुल्या एकाही ओळीत एकत्र येत नाहीत, ती दोन पात्रं एका वाचकाला देता येतात.

रहस्यनाटकात आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. जी दोन पात्रं कधीच एकत्र येत नाहीत, ती मुळात एकच माणूस असू शकतात! मग तुम्ही नकळत एकाच वाचकाला ती दिली, तर आवाजावरूनच सुगावा लागतो. सूत्रधाराला उत्तर माहीत असतं, त्यानं तक्ता करतानाच हे बघायचं. खून होणारं पात्र पहिल्या अंकानंतर मोकळं होतं. त्याच्या वाचकाला दुसऱ्या अंकातला इन्स्पेक्टर किंवा डॉक्टर द्या, नाहीतर बिचारा माणूस दीड तास नुसता बसून राहतो.

पुरुषाची भूमिका बाईनं, म्हाताऱ्याची भूमिका कॉलेजातल्या पोरानं वाचायला हरकत नाही. आमच्याकडे एका निवृत्त पोस्टमास्तर काकांनी एका नाटकातली सोळा वर्षांची मुलगी वाचली होती. पाचव्या मिनिटाला आम्हाला काका दिसेनासे झाले. त्यांनी आवाज बारीक केला नव्हता; वाक्याच्या शेवटी मुली जसं अर्धवट सोडून देतात तसं सोडत होते, एवढंच.

गुन्हेगाराची भूमिका ज्याच्याकडे जाते, त्याला ते कळू द्यावं का? यावर आमच्यात मतभेद आहेत. मला विचाराल तर अजिबात कळू देऊ नका. माहीत असलं की हौशी वाचक पहिल्या अंकापासून आवाजात काळोख आणतो. माहीत नसलेला माणूस निरागसपणे खोटं बोलतो, आणि चांगल्या लेखकानं लिहिलेलं खोटं निरागसपणे वाचलं तरच फसवतं.

कंसातलं काय वाचायचं

रंगसूचना सगळ्या वाचल्या तर नाटकाचा जीव जातो, सगळ्या गाळल्या तर कुणाला काही कळत नाही. ‘हसून’, ‘रागानं’, ‘क्षणभर थांबून’ या सूचना सूत्रधारानं वाचू नयेत. ज्याची ओळ आहे त्यानं त्या आवाजात आणाव्यात. कोण आलं, कोण गेलं, दिवे गेले, फोन वाजला, हे वाचायचं.

कठीण असतात त्या वस्तूंच्या सूचना. समजा लिहिलं आहे: ‘तो बोलता बोलता टेबलावरचा चष्मा उचलतो, काच पुसतो, परत ठेवतो.’ हा नुसता चाळा असेल किंवा हाच सगळ्या नाटकाचा कळीचा धागा असेल. रंगमंचावर शंभरांतले नव्वद प्रेक्षक तो पाहूनही न पाहिल्यासारखा करतात. वाचनात मात्र सूत्रधारानं ती ओळ उच्चारली की सगळ्यांचे कान टवकारतात. म्हणून आम्ही ठरवलं: वस्तूंच्या सूचना सगळ्याच्या सगळ्या वाचायच्या, महत्त्वाच्या आणि बिनमहत्त्वाच्या, अगदी एका पट्टीत. कुणी पाणी प्यायलं तेही, कुणी छत्री कोपऱ्यात ठेवली तेही. मग छत्र्यांच्या गर्दीत चष्मा आपोआप लपतो. सूत्रधाराचा आवाज सपाट राहायला सराव लागतो. ज्याला उत्तर माहीत असतं त्याचा स्वर नेमका त्या ओळीवर जड होतो. घरी त्या ओळी पाच-सहा वेळा मोठ्यानं म्हणून बघा.

बैठकीची व्यवस्था

गोल बसा, सगळ्यांना सगळ्यांचे चेहरे दिसतील असे. पंखा मंद, सुटी पानं चिमट्यात. प्रत्येकानं आपल्या ओळी रंगवलेल्या असाव्यात, आणि आपली ओळ येण्याआधीच्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ. वाचनात सगळ्यांत जास्त वेळ खातं ते ‘अरे, माझंच आहे का?’

वेळ आधी मोजा. सूत्रधारानं एक पान मोठ्यानं वाचून घड्याळ पाहावं. आमच्या वाचनाला छापील पानाला साधारण दोन मिनिटं लागतात, म्हणजे ऐंशी पानांचं नाटक दोन तास चाळीस मिनिटं, त्यात चहा आणि तर्काचा वेळ वेगळा. चार वाजता बसलं की आठला उठता येतं. त्याहून मोठं नाटक दोन शनिवारांत वाटा. पहिल्या दिवशीच्या शेवटी थांबायची जागा मात्र नाटकाच्या अंकाशी जुळलीच पाहिजे असं नाही. कुणीतरी दार उघडलं आणि समोर बघून दचकलं, तिथे थांबलात तर पुढचा महिनाभर गटातले लोक जिन्यात भेटले तरी तेच बोलतात.

खाणं मध्यंतरात, आणि मऊ. चिवडा, शेव, वेफर्स वाचनाच्या वेळी नकोत. एका कुरकुरीत घासात अर्धं वाक्य बुडतं. पोहे, ढोकळा, शिरा चालतो.

आवाज बदलण्याच्या फंदात पडू नका. नवशिके वाचक घोगरा आवाज काढतात आणि वीस मिनिटांत घसा बसतो. पात्र वेगळं दाखवायला वेग आणि थांबे पुरतात: वकील प्रश्न तोडून विचारतो, घाबरलेला माणूस दोन वाक्यं एका श्वासात सांगतो, खोटं बोलणारा उत्तराआधी प्रश्न पुन्हा उच्चारतो. आणि ओळ संपली की लगेच पुढच्यानं उचलायची. मधली पोकळी लेखकानं मागितली असेल तिथेच.

तर्काची वेळ

शेवटच्या अंकाआधी सूत्रधार म्हणतो, ‘थांबा.’ इथून पुढचा अर्धा तास हाच आमच्या संध्याकाळचा गाभा.

1939 साली अमेरिकेत एलरी क्वीन या गुप्तहेराची रेडिओमालिका सुरू झाली. तिच्यात उलगडा होण्याआधी नाटक थांबायचं आणि स्टुडिओत बसलेल्या पाहुण्यांना विचारलं जायचं, तुमच्या मते गुन्हेगार कोण? मग पुढचा भाग व्हायचा. त्याच नावानं निघणाऱ्या कादंबऱ्यांतही एका जागी गोष्ट थांबवून वाचकाला आव्हान दिलेलं असे: सगळे धागे तुमच्या हाती आलेत, आता सांगा. आपल्या वेताळानं हेच कितीतरी शतकं आधी केलं होतं. आव्हान देण्यात एक वचन आहे, की लेखकानं काही लपवलेलं नाही. 1930 साली लंडनमध्ये रहस्यकथा लिहिणाऱ्यांनी स्थापलेल्या डिटेक्शन क्लबचा सगळा आग्रह याच सचोटीचा होता. त्या क्लबच्या सभासदांनी 1931 साली एक कादंबरी साखळीनं लिहिली, एकेकानं एकेक प्रकरण. अट अशी की पुढे काय होणार याचं स्वतःचं उत्तर मनात पक्कं ठेवूनच आपलं प्रकरण लिहायचं, आणि ते उत्तर लिहूनही द्यायचं. ती वेगवेगळी उत्तरं पुस्तकाच्या शेवटी छापली आहेत. एकाच पुराव्यातून किती निरनिराळ्या वाटा फुटतात हे पाहायला ती फार छान आहेत.

आमची पद्धत अशी: प्रत्येकाला एक चिठ्ठी. तीत तीन गोष्टी लिहायच्या: कोण, का, आणि कोणत्या पानावरच्या कोणत्या ओळीवरून. तिसरी गोष्ट नसेल तर चिठ्ठी घ्यायचीच नाही. हा नियम आणल्यावर आमचा खेळ पालटला. त्याआधी सगळे म्हणायचे, ‘मला पहिल्यापासून त्या पुतण्याचाच संशय होता.’ आता ओळ शोधायला मागची पानं उलटावी लागतात, आणि उलटताना मत बदलतं. मागचं बघायची मुभा आहे, पुढचं नाही. लिहिताना आपसांत बोलायचं नाही. चिठ्ठ्या जमा झाल्या की मग भांडायला मोकळे.

भांडण होऊ द्या, घाई करू नका. गटात एखादं माणूस मोठ्या आवाजाचं असतं आणि त्याच्या मतामागे बाकीचे जातात. म्हणूनच चिठ्ठ्या आधी. सूत्रधारानं या काळात चेहरा सांभाळायचा. आमचे एक काका सूत्रधार असले की उठून चहाची भांडीच विसळायला जातात, कारण बरोबर उत्तर ऐकलं की त्यांना हसू येतं.

मग लिफाफे फोडायचे. कागद फाटण्याचा तो आवाज एकदम आठ जागी होतो आणि खोली गप्प होते. शेवटचा अंक कुणीच आधी पाहिलेला नसल्यामुळे वाचन अडखळतं, एखादा गुन्हेगार आपलीच ओळ वाचताना थबकतो. अडखळू द्या. त्या अंकासाठी सफाईपेक्षा ते थबकणंच मोलाचं आहे.

अद्भुताला वेगळी थांबण्याची जागा

राक्षस, शाप, बोलणारी झाडं, उलटा वाहणारा काळ असलेल्या नाटकात किंवा कथेत कोण हा प्रश्न नसतोच. तिथला प्रश्न असतो, या जगाचा नियम काय? जादू केव्हा चालते, तिची किंमत कोण मोजतं, शाप कशानं उतरतो? म्हणून थांबायची जागा शेवटी नाही, सुरुवातीच्या एक-तृतीयांश भागात येते, जिथे जगाचा नियम पहिल्यांदा मोडतो किंवा मोडायला लागतो. तिथे थांबून एका मोठ्या कागदावर आतापर्यंत कळलेले नियम सगळ्यांनी मिळून लिहायचे. नकाशा लागणारी गोष्ट असेल तर नकाशाही. कागद मधोमध ठेवायचा आणि वाचता वाचता त्यात भर घालायची. चांगल्या अद्भुतकथेत शेवट त्या कागदावरच्याच एखाद्या ओळीतून निघतो. जिथे तो कुठूनतरी आकाशातून पडतो, तिथे गटाला फसवल्यासारखं होतं.

मोठ्यानं वाचणं आणि अद्भुत यांचं नातं जुनं आहे. ऑक्सफर्डमध्ये सी. एस. लुइसच्या मॉडलिन कॉलेजातल्या खोलीत गुरुवारी रात्री मित्रमंडळी जमत आणि आपापलं लिखाण वाचून दाखवत. टॉल्किननं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची प्रकरणं तिथे वाचली, ते पुस्तक 1954-55 साली छापून आलं, तोवर त्या खोलीनं त्यातलं बरंच ऐकलं होतं. आपल्याकडे आख्यान लावणारे कीर्तनकार आहेत, आकाशवाणीवरची नभोनाट्यं आहेत. ऐकून मनात चित्र उभं करण्याची सवय आपल्या कानांना आहे.

तयारीत दोन गोष्टी जास्तीच्या. पहिली, नावांचे उच्चार. अनोळखी नावं असलेल्या नाटकाआधी सूत्रधारानं ती सगळी देवनागरीत लिहून, दोनदा म्हणून दाखवावीत. आठ जणांनी एकाच राणीची आठ नावं घेतली तर जग उभं राहत नाही. दुसरी, आवाज. फार नकोत, तीन-चार पुरे, आणि घरातल्याच वस्तूंचे: स्टीलच्या ताटात हळूहळू ओतलेले तांदूळ म्हणजे पाऊस, ओल्या बोटानं काचेच्या ग्लासाच्या कडेवर फिरवलेली रेघ म्हणजे जादू जवळ आल्याची खूण. हा दुसरा आवाज एका नाटकात आम्ही फक्त दोनदा वापरला. तिसऱ्यांदा तो कुणीच काढला नाही, तरी जागा आली तेव्हा सगळ्यांनी ग्लासाकडे पाहिलं.

नाटक न मिळाल्यास कथा घ्या, पण संवाद भरपूर असलेली. निवेदन एकाकडेच न देता प्रसंग बदलला की निवेदक बदला. ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ गाळा. आतल्या विचारांचे लांब उतारे ज्या पात्राचे आहेत त्यालाच स्वगतासारखे वाचू द्या.

लांब असलेली माणसं

आमच्या गटातली एक मैत्रीण न्यू जर्सीला गेली आणि तरी सुटली नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे आठ म्हणजे तिच्याकडे सकाळचे साडेदहा, हिवाळ्यात साडेनऊ. म्हणून ती येते त्या महिन्यात आम्ही उशिरा बसतो. व्हिडिओवर एकाच वेळी दोघं बोलले की दोघांचंही कळत नाही, तेव्हा गलक्याचे प्रसंग असलेलं नाटक त्या दिवशी टाळा. ज्याची ओळ नाही त्यानं माइक बंद ठेवायचा, सूत्रधार सोडून. शेवटच्या अंकाची पानं तिला तर्काच्या चिठ्ठ्या जमल्यावरच पाठवायची, आधी नाही. तिची भूमिका फोनवरच्या आवाजाची, पत्र लिहिणाऱ्याची किंवा दुसऱ्या खोलीतून बोलणाऱ्याची असेल तर पडद्यातला तिचा आवाज नाटकालाच शोभतो.

हक्कांबद्दल थोडं

घरात, आपापसांत वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळानं पैसे न घेता प्रेक्षकांपुढे केलेल्या प्रयोगालाही सूट आहे. पण तिकीट लावलं की लेखकाची किंवा त्याच्या वारसांची लेखी परवानगी आणि मानधन आलंच. पत्ता बहुतेक पुस्तकांच्या सुरुवातीच्या पानावर असतो. वाचन चित्रित करून सगळ्यांसाठी टाकणं ही वेगळी गोष्ट, त्याचीही परवानगी घ्या. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे देवल, गडकरी, खाडिलकर आता सर्वांचे आहेत. हयात लेखकांची पुस्तकं मात्र विकत घ्यावीत असं मला मनापासून वाटतं. आम्ही दर नाटकाच्या तीन प्रती घेतो, दोघांत-तिघांत एक; शेवटच्या अंकाची पानं मात्र लिफाफ्यांसाठी झेरॉक्स करतो आणि पुस्तकात त्या जागी रबरबँड लावतो. नाटकं छापणारे प्रकाशक मोजके उरले आहेत, आणि वाचणाऱ्यांनीच ती घेतली नाहीत तर पुढच्या गटाला काय मिळणार?

मागे वळून वाचन

उलगडा झाला, टाळ्या झाल्या, कुणाची चिठ्ठी बरोबर आली ते कळलं, की लोक चपला शोधायला लागतात. त्यांना दहा मिनिटं बसवा.

सूत्रधारानं तीन जागा आधी काढून ठेवलेल्या असतात: जिथे धागा सगळ्यांच्या समोर होता. ती पानं पुन्हा वाचायची, त्याच वाचकांनी, त्याच ओळी. आता ज्याला आपण गुन्हेगार होतो हे कळलंय, तो तीच साधी वाक्यं वाचतो, ‘पाऊस थांबला वाटतं’ किंवा ‘ताई, चहा ठेवू का?’, आणि खोलीतल्या प्रत्येकाच्या अंगावर काटा येतो. शब्द तेच, माणसं तीच, दोन तासांपूर्वी आपण हेच ऐकलं आणि काहीही ऐकलं नाही. लेखकानं वाक्य कसं तोललं होतं, ते तेव्हा दिसतं.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्यांची अकरा वर्षांची नात आजीबरोबर आली होती, नुसती ऐकायला. चिठ्ठी तिनंही लिहिली. नाव चुकलं होतं. पण तिसऱ्या ओळीत तिनं लिहिलं होतं: ‘पान 14. काकांनी छत्री कोपऱ्यात ठेवली पण बाहेर ऊन होतं.’ आमच्यापैकी कुणीही ती छत्री पाहिली नव्हती. मागे वळून वाचताना आम्ही पान 14 उघडलं आणि ती ओळ तिला वाचायला दिली. पुढच्या महिन्याचं नाटक काढून, पात्रपरिचय झाकून, शेवटची पानं लिफाफ्यात घालून मी तिच्या हातात दिलं. सूत्रधार आता ती आहे.